कालव्यात जाणारी आमराई : भरपाई नेमकी कशाची मागायची?

प्रश्न : आमची अडीच एकर शेती आहे. त्यातले एक एकर कालव्यासाठी जाते आहे. त्या एकरात आजोबांनी लावलेले 11 आंबे, 3 चिंचा, बांधावरचे 22 साग आणि विहीर आहे. संयुक्त मोजणीच्या यादीत आंबे 8 च लिहिलेत, त्यातले 5 'लहान'. चिंचा यादीत नाहीतच, आणि विहिरीपुढे 'नादुरुस्त' असा शेरा आहे. आता 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 21 ची, म्हणजे मोबदल्याचे दावे मागवणारी, नोटीस आली आहे. झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरावी, असे सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले गेल्याची बातमी वाचली. आमचे आंबे साठ वर्षांचे आहेत. त्या हिशेबाने मागणी करता येईल का?

उत्तर : नाही. त्या हिशेबाने एकेका आंब्याचे 44 लाख 70 हजार होतात, आणि असा आकडा अर्जात दिसला की अधिकारी बाकीचा अर्ज वाचतच नाही.

तो आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्या कामासाठी काढलेला आहे. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडे तोडण्याचा वाद होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये प्राणवायू, खत वगैरे धरून झाडाची किंमत मांडली. झाड तोडावे की वाचवावे, हे ठरवताना सरकारच्या डोळ्यांपुढे तो हिशेब असावा म्हणून. झाड तोडल्याने खातेदाराच्या खिशाला किती खड्डा पडला, हा प्रश्न तिथे नव्हताच. वनजमीन प्रकल्पाला देताना 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे जंगलाच्या फायद्यांची आजच्या पैशातली किंमत, वसूल करतात तेही असेच. ते पैसे वनीकरणाच्या निधीत जातात, कुणा शेतकऱ्याच्या खात्यात नाही. झाडांसाठी कालव्याची आखणीच बदला, असे म्हणायची जागा कलम 15 ची हरकत होती. प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवसांची ती मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे.

म्हणून झाडांचा पर्यावरणीय उपयोग सोडून द्यायचा का? तसेही नाही. तो तुमच्या शेताच्या तोट्याच्या भाषेत मांडायचा. 2013 च्या भूसंपादन कायद्याचे कलम 28 मोबदला ठरवताना उभी पिके व झाडे गेल्याने होणारे नुकसान, जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसान आणि उरलेल्या मालमत्तेला बसणारी झळ, हे सगळे विचारात घ्यायला सांगते. 'आमची झाडे हवा शुद्ध करतात' याला भरपाई नाही. 'बांधावरचे साग गेले की पश्चिमेचा वारा सरळ उरलेल्या पिकावर येतो' याला आहे, मात्र ते दाखवता आले पाहिजे.

याच कलमातली तुमची सर्वांत मोठी मागणी तुमच्या पत्रात नाही. विहीर संपादनात गेली की उरलेल्या दीड एकराला पाणी कुठून? बागायत जमीन जिरायत होणार. शिवाय कालवा मधून गेला तर पलीकडच्या तुकड्याकडे जायला वाट हवी. दोन्ही गोष्टी लेखी मागा, आणि बागायत-जिरायत दरातला फरक दीड एकराला लावून आकडा काढा. माझ्या अनुभवात शेतकरी गेलेल्या जमिनीवर भांडतात आणि राहिलेल्या जमिनीबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आता झाडे आणि विहीर. इथे एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले, की जमिनीचा दर मोकळ्या शेतजमिनीच्या व्यवहारांवरून काढला असेल तर झाडांची किंमत वेगळी मिळते. दर फळबागेच्या व्यवहारांवरून किंवा उत्पन्नावरून काढला असेल, तर झाडे त्यातच आली. विहिरीचाही तर्क तोच : बागायतीचा दर घेतला तर पाण्याची किंमत त्यात धरली गेली. म्हणून भूसंपादन अधिकाऱ्याने तुमच्या एकराला कोणता दर लावला, हे आधी बघा. दोन्ही पद्धतींनी हिशेब करा, जास्त येईल तो मागा. दोन्ही एकत्र मागू नका, वरच्या न्यायालयात ते टिकत नाही. आंब्याच्या उत्पन्नावरून किंमत काढताना वार्षिक निव्वळ उत्पन्नाला फार तर 8 ने गुणायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगून ठेवले आहे. निव्वळ म्हणजे राखण, उतरणी, वाहतूक वजा जाता.

उत्पन्नाचा पुरावा म्हणजे आडत्याच्या पट्ट्या. मोहोर बघून झाडे व्यापाऱ्याला देत असाल तर त्याची चिठ्ठी किंवा बँकेतली नोंद काढा. सातबाऱ्यावर झाडांची आणि विहिरीची नोंद आहे का, तेही पाहा. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवली असतील तर उत्तम.

यादीचे म्हणाल तर फेरपाहणी मागा, झाडे उभी आहेत तोवरच. एका प्रकरणात मोजणारे रस्त्याच्या बाजूला उभे राहून झाडे मोजत होते, ओढ्याच्या उतारावरची त्यांना दिसलीच नाहीत. तुमच्या चिंचांचे असेच काही झाले असावे. प्रत्येक खोडाला चुन्याने क्रमांक घाला, जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप गुंडाळून घेर मोजा, टेपचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. साठ वर्षांच्या आंब्यापुढे कुणी 'लहान' लिहिले, तर तो एक फोटो पुरतो. विहिरीवर मोटार चालू करून पाणी पडतानाचे चित्रीकरण करा आणि वीजबिले जोडा. कलम 29 नुसार फळझाडांसाठी फलोत्पादनातले, सागासाठी वनशास्त्रातले आणि विहिरीसाठी अभियंता असे जाणकार घेता येतात. त्यांच्याकडून मूल्यांकन करवून घ्या, अशी मागणी कलम 21 च्या उत्तरातच करा आणि पोचेची प्रत जपा. तोवर एकही झाड तोडू नका. साग, आंबा, चिंच ही परवानगीशिवाय न तोडण्याच्या यादीतली झाडे आहेत.

एवढी खटपट कशाला, तर दिलासा रकमेसाठी, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणाऱ्या जादा रकमेसाठी. जमिनीचा बाजारभाव समजा 8 लाख आणि ग्रामीण भागाचा गुणक 2, म्हणजे 16 लाख. झाडे-विहिरीचे 5 लाख. गुणक झाडांना लागत नाही. पण या 21 लाखांवर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणजे 42 लाख. यादीतून 40 हजारांची चिंच सुटली तर तुमचे 80 हजार गेले. जमिनीच्या बाजारभावावरचे वार्षिक 12 टक्के याहून वेगळे.

थेट खरेदीचा किंवा संमतीचा कागद पुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. त्यानंतर वाढीव मोबदल्याचे दार जवळपास बंद होते. निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या आदेशाची, रक्कम मात्र जरूर घ्या, फक्त पावतीवर 'हरकत राखून स्वीकारले' असे स्वतःच्या हाताने लिहा. ते लिहिले नाही तर वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 खाली अर्ज करून दाद मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल तर त्या अर्जाला सहा आठवडेच मिळतात, आणि ते पैसे खात्यात आल्यापासून नव्हे, निवाड्याच्या तारखेपासून मोजले जातात.