निंबोळी किंवा करंजाच्या अर्कामुळे जमिनीतील नत्राचा ऱ्हास खरोखर कमी होतो का?

होतो, पण ऱ्हासाच्या सर्वच वाटा त्याने बंद होत नाहीत. जमिनीत युरियाचे प्रथम अमोनियम होते. ते मातीच्या कणांना धरून राहते, परंतु नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, त्याचे लगेच नायट्रेट बनते आणि हे नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपते किंवा पाणथळ जमिनीत वायुरूपाने निघून जाते. निंबोळीतील ट्रायटर्पीन व करंजातील करंजिन ही द्रव्ये या जिवाणूंचे काम मंदावतात. पूर्वी पाच भाग युरियात एक भाग बारीक निंबोळी पेंड मिसळून ते रात्रभर ठेवण्याची शिफारस असे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सर्व अनुदानित युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, त्यामुळे आता तोच खटाटोप पुन्हा करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फोकून दिल्यास त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो आणि तेथे हा लेप फारसा उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी खत मातीआड करावे आणि एकदम न देता विभागून द्यावे.