वाचकांचे प्रश्न : रिवाइंडिंगनंतर मोटर का तापते?

प्रश्न : आमच्या विहिरीवरची 5 एचपीची थ्री-फेज मोटर उन्हाळ्यात जळाली, म्हणून रिवाइंडिंग करून आणली. तार चांगल्या प्रतीची आहे, तरी पंप न जोडता नुसती फिरवली तरी अर्ध्या तासात तिच्यावर हात ठेववत नाही. एक जुने मिस्त्री म्हणाले, ‘वाइंडिंग ठीक आहे, कोअर गेला.’ लोखंड तर जसेच्या तसे दिसते. मग त्यातले चुंबकत्व उडाले का?
– एक शेतकरी वाचक, सांगोला

उत्तर : मिस्त्रींचा संशय रास्त आहे, पण चुंबकत्व उडालेले नाही. लोखंडाचे चुंबकीय गुण सुमारे 770 अंश सेल्सिअसला लोपतात आणि थंड होताच परत येतात. बिघडले असावे ते कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, पत्र्यांमधले आवरण.

रोटर (फिरणारा भाग) काढून स्टेटरच्या (भोवतीच्या स्थिर भागाच्या) आत नीट पाहिलेत, तर मिटलेल्या वहीच्या कडेवर दिसतात तशा बारीक रेघा दिसतील. हा गाभा अखंड नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे पत्रे दाबून तो केलेला असतो आणि पत्र्या-पत्र्यामध्ये वीजरोधक थर असतो. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र सेकंदाला 100 वेळा उलटते आणि प्रत्येक वेळी लोखंड थोडे अडून बसते. त्यात खर्ची पडणाऱ्या ऊर्जेला हिस्टेरेसिस हानी म्हणतात. ती थोडीफार राहणारच.

तुमच्या मोटरीत वाढली असावी ती एडी करंटची हानी. बदलते क्षेत्र तांब्याप्रमाणे लोखंडातही व्होल्टेज निर्माण करते आणि वाट मिळाली की तेथे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. ही हानी पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दोन पत्रे जोडले जाऊन एक झाले, तर त्या जागी किलोमागे हानी चौपट होते. सिलिकॉन घालतात तेही मुख्यतः यासाठीच, कारण 3 टक्के सिलिकॉनने पोलादाचा विद्युत रोध शुद्ध लोखंडाच्या चौपटीहून अधिक होतो.

आता हा थर जातो कसा? जळालेले वाइंडिंग वॉर्निशने गाभ्याच्या खाचांत घट्ट बसलेले असते. ते सैल करायला गॅसची ज्योत थेट स्टेटरवर धरली, की वॉर्निशबरोबर पत्र्यांवरचा थरही जळतो. नियंत्रित भट्टीत गाभ्याचे तापमान साधारण 350 ते 370 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. उघड्या ज्योतीला असा लगाम नसतो. शिवाय खाच साफ करताना कानस फिरवली तर कडेचा धातू ओढला जाऊन पत्रे एकमेकांना टेकतात, आणि बाहेरच्या बाजूने ते बॉडीला टेकलेले असतातच, त्यामुळे प्रवाहाचे वेटोळे पूर्ण होते.

मात्र आधी दुसरी शक्यता तपासा. रिवाइंडिंगमध्ये वेढे कमी पडले असतील, तर गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व फारसे घेऊ शकत नाही) आणि रिकाम्या मोटरीचाही प्रवाह फार वाढतो. 5 एचपीच्या मोटरीचा पूर्ण भाराचा प्रवाह 7 ते 8 अँपिअर असतो. रिकामी मोटर त्याच्या जवळपास घेत असेल, तर दोष वेढ्यांचा धरावा. प्रवाह नेहमीसारखा निम्म्याच्या आसपास आणि तरीही मोटर तापते, तर कोअरकडे बोट जाते. अँपिअर मीटर येथे फसवतो, कारण रिकाम्या मोटरीचा बहुतेक प्रवाह क्षेत्र उभे करण्यासाठी असतो आणि वाढलेली हानी फक्त वॉटमीटरवर दिसते. (शेतीपंपाला मीटरच नसेल, तर ती बिलातही दिसत नाही.)

खात्रीची तपासणी रोटर काढून करतात. स्टेटरच्या पोकळीतून जाड केबलचे हिशेबाने काही वेढे गाभ्याभोवती घेऊन वीज देतात आणि काही मिनिटांनी ती बंद करून कुठे जास्त तापले ते चाचपतात. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. एखाद-दुसऱ्या दातापाशीच (दोन खाचांमधल्या उंचवट्यापाशी) चटका बसला, तर तेथील पत्रे जपून मोकळे करून वॉर्निश भरता येते. सगळा गाभाच सारखा तापत असेल, तर त्यात पुन्हा नवे तांबे भरण्याचा खर्च करू नका.