रेल्वे कामगाराच्या घरात वाढलेला पाब्लो नेरुदा कवितेकडे वळला कसा?

माझ्या मते त्यात एका शिक्षिकेचा वाटा फार मोठा आहे. दक्षिण चिलीतल्या तेमुकोत नेरुदाचे वडील रुळांखाली खडी टाकणाऱ्या गाडीवर काम करत. मुलाचं कविता करणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं, म्हणून तर त्याने टोपणनाव घेतलं. आईही शिक्षिकाच, पण १९०४ मध्ये, तो तान्हा असतानाच ती गेली. १९२० मध्ये गाब्रिएला मिस्त्राल तिथल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या. त्या स्वतः कवयित्री! या पंधरा-सोळा वर्षांच्या बुजऱ्या मुलाच्या हाती त्यांनी रशियन कादंबऱ्या ठेवल्या. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं: बाईंना १९४५ मध्ये, त्याला १९७१ मध्ये. नेरुदा आवडत असेल तर मिस्त्राल जरूर वाचा.