३एस बॅटरीवर रिमोटच्या मॉन्स्टर ट्रकचा मागचा डिफ टिकत नाही. सगळं स्टीलचं करून टाकू का?

तुमचा रिमोटवरचा (आरसी) ट्रक एक-दशांश आकाराचा, चारही चाकं ओढणारा. मोटर ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे), तिच्या शाफ्टवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन १३ दातांचा, तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे स्पर ५४ चा. २एसवर (दोन सेलची बॅटरी) नीट चालत होता, ३एस (तीन सेलची) लावल्यापासून मागं कटकट आवाज येतो आणि दोन स्परनी दात खाल्ले. स्पर, डिफ (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल), शाफ्ट सगळं स्टीलचं घ्यावं का, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून मिळेल का, असं विचारलंय.

सगळं स्टीलचं करू नका. काहीतरी तुटणारच आहे. ते स्वस्त आणि पाच मिनिटांत बदलता येणारं असावं, एवढंच आपल्या हातात असतं. या गाडीत तो भाग म्हणजे प्लॅस्टिकचा स्पर. तो स्टीलचा केलात तर झटका पुढं डिफवर किंवा मागं मोटरच्या शाफ्टवर जाईल, आणि हे दोन्ही महाग पडतात.

७.४ व्होल्टवरून ११.१ वर गेल्यावर फिरण्याचा वेग दीडपट होतो, पण फिरत्या चाकांतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वादोन पट. उडी मारताना हवेत थ्रॉटल दाबून ठेवला आणि गाडी तशीच जमिनीवर आली, की ही सगळी ऊर्जा एका क्षणात डिफमधल्या क्राउन-पिनियनच्या (मोठा क्राउन गिअर आणि त्याला फिरवणारा डिफचा छोटा पिनियन) दोन-तीन दातांवर येते. टेकण्याआधी थ्रॉटल सोडायची सवय लावा. कुठल्याही पार्टपेक्षा तिचा फायदा जास्त आहे, आणि पैसे लागत नाहीत.

आता जुने स्पर फेकले नसतील तर नीट बघा. सगळ्या दातांची टोकं गोलसर झिजली असतील तर मेश (पिनियन आणि स्परचे दात एकमेकांत बसणं) सैल होती. एकाच जागचे तीन-चार दात गेले असतील तर खडा अडकला किंवा मोठा झटका बसला. मधला भाग वितळून चकाकत असेल तर स्लिपर (स्परवरचा, जादा जोर आला की घसरणारा क्लच) फार सैल होता आणि घसरून तापला.

मेश लावताना वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी काढा. मग स्पर पूर्ण फिरवून चार ठिकाणी तपासा. प्लॅस्टिकचा स्पर पूर्ण गोल क्वचितच असतो, त्यामुळं जिथं सगळ्यात घट्ट लागतो तिथंही किंचित प्ले (मोकळीक) हवा. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसवा आणि तो ढिला होऊ नये म्हणून निळं लॉकटाइट एक थेंब लावा. ते प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्यानं तडकतं.

स्लिपरचा नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळून अर्धा ते पाऊण फेरा मागं घ्या. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर तसं करा. डिफपर्यंत किती टॉर्क पोचेल हे स्लिपर ठरवतो. म्हणूनच ‘लहान पिनियन लावा, डिफ वाचेल’ हा सल्ला मला पटत नाही. १३ ऐवजी ११ चा पिनियन लावला तर शाफ्टवरचा टॉर्क साधारण १८ टक्के वाढतो. वाचते ती मोटर. डिफचं गुणोत्तर २.८५ आणि चाक १२० मिमीचं धरलं तर १३ च्या पिनियनवर कागदावरचा वेग ताशी ७४ किमी येतो, ११ वर ६३. पाच मिनिटं चालवून मोटर ८० अंशांच्या वर जात असेल तर ११ चा लावा, पण त्यासोबत स्लिपर पुन्हा बघावा लागेल.

कटकट आवाजाचं मूळ बहुतेक वेळा दातांपेक्षा हौसिंगमध्ये (डिफची बाहेरची पेटी) असतं. जोर आला की प्लॅस्टिकचं हौसिंग फाकतं, क्राउन पिनियनपासून दूर सरकतो आणि दात एकमेकांवरून उडी मारतात. त्यात नुसता स्टीलचा क्राउन घातला तर तोही उडी मारेल. क्राउनच्या पाठीमागं, बेअरिंगच्या आतल्या बाजूला ०.१ मिमीचा एक शिम (पातळ चकती) घाला, हौसिंग बंद करून हातानं फिरवा. प्ले जवळजवळ जाईपर्यंत एकेक वाढवा. फिरताना जड लागलं की शेवटचा काढा. एकाच ठिकाणी जड लागत असेल तर क्राउनचे स्क्रू असमान आवळलेत. दात आधीच खाल्ले असतील तर क्राउन आणि पिनियन जोडीनंच बदला, आणि ही जोडी मात्र स्टीलचीच घ्या. डिफच्या आतल्या कपात सिलिकॉन ऑइल: पुढच्या डिफला २०,००० सीएसटी (दाटपणाचं माप), मागच्याला १०,०००, स्पायडर गिअर (कपातले छोटे गिअर) जेमतेम बुडतील इतकंच. क्राउनच्या दातांना ग्रीस वेगळं.

उद्यमनगरात काय करून घ्यावं? मधला शाफ्ट, स्पेसर, चाकाचे १२ मिमीचे हेक्स (चाक ज्यावर बसतं ते षटकोनी तुकडे). शाफ्टला ईएन२४ सांगा; साधं माइल्ड स्टील पीळ खातं. क्राउन-पिनियनच्या भानगडीत पडू नका. सर्पिल दात कापायला वेगळं मशीन लागतं, वर ईएन३५३ सारखं स्टील आणि केस हार्डनिंग (वरचा थर कडक करणं). एका जोडीसाठी एवढं सेटिंग कोण करेल, आणि केलंच तर तयार जोडीपेक्षा महाग पडेल.

बेअरिंग मात्र बाजारातली चालतात. ५×११×४ मापाचं एमआर११५ आणि १०×१५×४ चं ६७००. जुन्यावर माप घालून खात्री करा. पत्र्याच्या शील्डऐवजी रबर सील मागा. पन्हाळ्याकडचा लाल चिखल बारीक खडीसकट आत शिरतो आणि पावसाळ्यात पत्र्याची शील्ड त्याला अडवत नाही. बेअरिंग ढिलं झालं की डिफचा पिनियन डुलायला लागतो आणि शिमिंगची मेहनत वाया जाते.

शाफ्टपैकी मागचे दोन स्टीलचे सीव्हीडी (सांधा असलेले शाफ्ट) घेतले तरी पुरे. त्याबरोबर डिफचे आउटपुट कपही (ज्यांत शाफ्टचं टोक बसतं) स्टीलचेच घ्या, ॲल्युमिनियमच्या कपात पिन घर करते. पुढचे शाफ्ट तुटेपर्यंत प्लॅस्टिकचेच राहू देत.