रत्नागिरी आणि सोलापूर, दोन साइट्स आणि एकच पोकलेन व क्रेन: वेळापत्रक कसं लावायचं?

आधी पाऊस बघा, मग तारखा. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत खोदाई जवळपास ठप्प असते. रत्नागिरीचा पाया मेअखेर उरकून पोकलेन सोलापूरला पाठवा. तिथे पाऊस कमी, पण काळी माती भिजली की पोकलेनची चेन (चाकांऐवजी असलेला पट्टा) रुतते. सप्टेंबरचे काही दिवस मोकळे धराच. जेसीबी स्वतःच्या चाकांवर जाते, पोकलेनला ट्रेलर लागतो. पनवेलहून रत्नागिरीला भाड्याने आणणार असाल तर गणपतीचे दिवस टाळा, मुंबई–गोवा महामार्गावर तेव्हा अवजड वाहनांना बंदी असते.

खरी ओढाताण मात्र एकाच साइटवर होते. शटरिंगवाल्यांना (काँक्रीटचे साचे बांधणाऱ्यांना) प्लेट्स वर हव्यात, सळईवाल्यांना बंडलं, आणि क्रेन एकच. मी सकाळ सळईला, दुपार शटरिंगला देतो. स्लॅब ओतायच्या दिवशी क्रेन कुणालाच नाही, त्या दिवशी सगळं काँक्रीटच्या वेळेवर चालतं. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे रेडीमिक्स (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) गाडीत भरल्यापासून २ तासांत उतरायला हवं. आमच्याकडे एकदा स्लॅबमध्ये इलेक्ट्रिशियनचे पाइप टाकायचे राहिले आणि तीन मिक्सर गेटवर फिरत उभे राहिले. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी प्रत्येक मुकादमाची सही घेतल्याशिवाय मी काँक्रीटचा पंप बोलवत नाही.