गिअरची गाडी शिकताना: वाचकांचे प्रश्न

या वेळी नागपूरकर वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा जवळपास एकाच विषयाचा निघाला: मोटरसायकल नव्याने शिकणं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

बरीच वर्षं स्कूटर चालवते आहे. आता घरातली १२५ सीसीची मोटरसायकल शिकायची आहे. दुचाकी येतेच, मग वेगळा कोर्स कशाला? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

कोर्सचं नंतर बघू, आधी लायसन्स काढून बघा. त्यावर फक्त विनागिअर दुचाकीचा वर्ग असेल, तर त्यावर गिअरची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ) नवा वर्ग जोडण्यासाठी अर्ज करा आणि त्याचं लर्निंग लायसन्स घ्या. ते सहा महिने चालतं. मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि मागे बसायचं ते शिकवणाऱ्यानेच. मैत्रिणीला बसवून बर्डीच्या बाजारात जायचं नाही.

आता कोर्स. स्कूटरच्या सवयीमुळे तो तुम्हाला नवशिक्यापेक्षा जास्त लागेल. स्कूटरवर डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, मोटरसायकलवर त्याच जागी क्लच. समोर कुत्रं आडवं आलं की हात विचारत नाही, डावा लिव्हर आवळतो. इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो, इंजिनाचा अडसरही जातो आणि गाडी मोकळी पुढे धावते. म्हणून पहिला तास इंजिन बंद ठेवून घालवा. गाडीवर बसा, कोणाला तरी अधूनमधून ‘थांब’ म्हणायला सांगा. दरवेळी उजवा हात आणि उजवा पाय आधी, डावा हात त्यांच्या मागोमाग. हे विचार न करता जमू लागलं की मग किल्ली फिरवा.

क्लास निवडताना फीच्या आधी चार गोष्टी विचारा. मोकळं मैदान आहे का? एका शिक्षकामागे किती जण? (चार-पाचांच्या वर असतील तर तुमच्या चुका कोणी बघणार नाही.) शिकायची गाडी १०० ते १२५ सीसीची, लेगगार्ड लावलेली आहे का? आणि ब्रेकचा सराव वेगळा घेतात का? ‘गाडी आली की ब्रेक आपोआप येतो’ असं उत्तर मिळालं तर नमस्कार करून निघा. पहिल्याच दिवशी रिंग रोडवर नेणाऱ्यालाही तोच नमस्कार.

क्लच सोडला की गाडी झटका देऊन बंद पडून राहिली. रेस वाढवली तर उडी मारते. भाऊ म्हणतो क्लचप्लेट गेल्या. मेकॅनिककडे नेऊ का? (वाचक, नंदनवन)

प्लेट गेल्या असत्या तर उलट झालं असतं: इंजिन ओरडलं असतं आणि गाडीने जोर धरला नसता. इंजिन बंद पडतंय याचा अर्थ प्लेट चांगल्या पकडतायत. तरी क्लचकेबल एकदा बघून घ्या. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो). ती अजिबात नसेल तर क्लच घसरतो. फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि गिअर टाकताना खटका बसतो.

केबल ठीक असेल तर दोष लिव्हर सोडण्याच्या पद्धतीत आहे. सपाट जागी, दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर टाका. रेस द्यायचीच नाही. लिव्हर अगदी सावकाश सोडत जा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसेल आणि गाडी पुढे सरकायला बघेल. तिथेच थांबा आणि लिव्हर परत ओढा. ही जागा बोटांच्या लक्षात राहीपर्यंत हेच करा, वीसदा, तीसदा. मग तिथे लिव्हर धरून ठेवून, दोन्ही बाजूंनी पायांनी चालत गाडी दहा-पंधरा मीटर न्या. त्यानंतर पाय फूटरेस्टवर.

बहुतेकांची चूक ठरलेली आहे. पकडीच्या जागेपर्यंत हळू येतात, गाडी हलली की ‘झालं’ समजून उरलेला लिव्हर एकदम सोडतात. गाडी दोन-तीन मीटर पुढे जाईपर्यंत हात तिथेच राहू द्या, मग उरलेला सोडा. उडी मारण्याचं कारण बहुधा उजव्या मनगटात सापडेल. मनगट मुठीपेक्षा वर असेल तर गाडी सुटताच अंग मागे जातं आणि रेस नकळत पिळली जाते. मनगट थोडं खाली ठेवून मूठ धरा.

मोटरसायकलच्या क्लचप्लेट बहुतेक गाड्यांत तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे सरावापुरता हाफ क्लच (लिव्हर पकडीच्या जागी धरून ठेवणं) त्या सोसतात. तरी पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन बंद करून गाडी गार होऊ द्या, मे महिन्यात तर नक्कीच.

एवढं जमलं की सेमिनरी हिल्सच्या चढावर सकाळी लवकर जा. उजव्या पायाने मागचा ब्रेक, डावा पाय जमिनीवर. क्लच पकडीवर आणा, थोडी रेस द्या, गाडीचा पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा वाटला की ब्रेक सोडा. उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत अडकाल तेव्हा हेच कामी येईल.

गिअरबद्दल एक गोष्ट. चार गिअरच्या काही गाड्यांत सगळे गिअर पुढे खाली दाबून पडतात. पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. क्लासची गाडी आणि घरची गाडी वेगळी असेल तर हे आधी विचारून घ्या.

वडील म्हणतात पुढचा ब्रेक दाबायचाच नाही, गाडी उलटते. क्लासमध्ये दोन्ही दाबायला सांगतात. कोणाचं ऐकू? (वाचक, कामठी रोड)

क्लासचं. ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर जातं. त्या टायरची पकड वाढते, मागचं चाक हलकं पडतं. म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर हलकं झालेलं चाक जाम होऊन घसरतं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त जागा खाते.

वडिलांची भीतीही उगाच नाही. वजन पुढे यायच्या आधीच लिव्हर हिसकला तर पुढचं चाक जाम होतं आणि गाडी क्षणात आडवी पडते. लिव्हर लिंबू पिळल्यासारखा दाबायचा: आधी हलका, मग वाढत्या जोराने. हँडल वळलेलं असेल किंवा खाली वाळू-गिट्टी असेल, तेव्हा मात्र वडिलांचं ऐका, पुढच्यावर जोर नको.

कोरड्या रस्त्यावरचा ढोबळ हिशेब असा. ताशी ४० किलोमीटरला डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत एक सेकंद धरला तर ११ मीटर जातात, पुढे चांगला ब्रेक लावून आणखी १० मीटर. ताशी ६० ला हेच १७ आणि २३, म्हणजे ४० मीटर. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. मैदानावर खडूची रेघ मारून आधी २०, मग ३०, मग ४० च्या वेगाने थांबून बघा. नजर लांब समोर ठेवा. पुढच्या चाकाकडे बघत थांबणारा हमखास हँडल वळवतो.

एप्रिल २०१९ पासून विक्रीला येणाऱ्या १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. सीबीएस असेल तर मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, पण उजवा लिव्हर लागतोच. एबीएसमध्ये जोरात ब्रेक लावला की लिव्हर थरथरतो. तो बिघाड नाही, दाब सोडू नका. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तरीही जाम होऊ शकतं.

आठ काढताना पाय टेकतोच. टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. (वाचक, हिंगणा)

तुम्ही बहुधा खाली बघताय. मान वळवून आठच्या पुढच्या गोलाकडे बघा, गाडी तिकडे जाते. पहिला गिअर, क्लच पकडीवर, रेस थोडी पण एकसारखी, आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. पुढच्या ब्रेकवरून बोटं काढून ठेवा. वळताना गाडी आत झुकू द्या, अंग सरळ ठेवा. मध्येच क्लच पूर्ण ओढला की जोर जातो आणि गाडी पायावर येते, हेच पाय टेकायचं खरं कारण. दोन विटा मांडून आधी ऐसपैस आठ काढा, रोज विटा थोड्या जवळ आणा.

मैदानावर जमतं. रस्त्यावर कधी उतरू? (वाचक, मानेवाडा)

न बघता गिअर पडू लागले आणि ४० वरून रेघेच्या आत सरळ थांबता आलं की. सुरुवात रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर करा. महाल, इतवारीचा गर्दीचा भाग शेवटी.

आपल्याकडे सिमेंट रस्त्याची कडा हा मोठा धोका आहे. रस्ता वर, बाजूची माती किंवा गट्टू (पेव्हर ब्लॉक) खाली. खाली उतरलेलं चाक कडेला समांतर ठेवून वर घ्यायला गेलात तर टायर कडेलाच घासत राहतो आणि गाडी पडते. वेग कमी करा, कडेपासून थोडं लांब जा आणि कडा शक्य तितकी आडवी कापून वर या. पावसाळ्यात बांधकामाजवळ ट्रकच्या चाकांनी आलेली काळी माती रस्त्यावर पसरते. तिच्यावर ना ब्रेक, ना झुकणं, ना रेस वाढवणं.

डिसेंबर-जानेवारीत नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो रस्त्यात आडवा येतोच. संक्रांतीच्या आसपास वेग ३० च्या आत, फुलफेस हेल्मेटची काच खाली, गळ्याभोवती जाड मफलर. हँडलला लावायची तारेची कमानही घ्या. मांजा लागला तर हाताने ओढू नका, आधी थांबा.

४५ अंशांत हेल्मेट, हातमोजे, बूट हे सगळं खरंच घालायचं? (वाचक, धरमपेठ)

हो. हातमोजे जाळीचे घ्या, बूट घोटा झाकणारे. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. पट्टा लावून मागच्या बाजूने वर ओढून पाहा, निघालं तर ते तुमच्या मापाचं नाही. उन्हामुळे डोक्याला जाड दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट चढवतात, त्याने माप बिघडतं आणि पट्टा नीट बसत नाही. आत पातळ सुती टोपी घाला. स्कार्फ चेहऱ्यापुरता बांधा आणि त्याची टोकं शर्टाच्या आत खोचा. मागे लोंबणारं टोक चाकात किंवा साखळीत गेलं की गळा आवळला जातो.