फोंड्यात राहतो, मुलांना पोपट हवाय. ओळखीचा एक जण हिरवं पिल्लू देतो म्हणतो. घ्यावं का?

हिरवं पिल्लू घेऊ नका. बजरी किंवा कॉकाटील हे छोटे पाळीव पोपट घ्या. आपला लाल चोचीचा पोपट (कीर म्हणा, राघू म्हणा) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो विकत घेणं सोडाच, फुकट मिळाला तरी पाळणं गुन्हाच. बजरी आणि कॉकाटील मूळ ऑस्ट्रेलियातले, त्यांना ही आडकाठी नाही. आमच्याकडे सहा वर्षं कॉकाटील आहे, त्या अनुभवावरून सांगतो: पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात हात घालू नका, नुसतं शेजारी बसून बोला. मग राळ्याचं कणीस हातात धरा. आधी मान लांब करून एक दाणा टिपून मागे पळेल, पण आठवड्या-दोन आठवड्यांत बोटावर बसेल.

- पिंजरा भिंतीला टेकून, माणसांच्या वावरात. पावसाळ्यात सोप्यावर टांगू नका. शिंतोडे येतात आणि मांजरही.
- स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो.
- अवोकाडो, चॉकलेट कधीच नाही.

मात्र घरात कुणाला दमा असेल तर कॉकाटील नको, त्याच्या पिसांतून पांढरी पूड झडत असते.